कोऱ्या पावत्या

चार वाजले की माझे पाय अजून
आपोआप दगडी दरवाजाकडे वळतात.
अमळनेरच्या बाजारात अकरा वर्षं
गळ्यात मशीन, तिच्यातून टर्रर्र निघणारी
दोन बोटं रुंद पावती.
सुपडू हमाल वीस, इंदूबाई बांगडीवाली पन्नास,
अल्ताफ वेल्डर कधी शंभर, कधी 'उद्या ये भो'.
मी पिग्मी एजंट. शंभरावर तीन रुपये माझे.

त्या मंगळवारी पतसंस्थेच्या शटरवर
खळीनं एक कागद चिकटवला होता, तोही तिरका.
'व्यवहार तूर्त स्थगित.'
'तूर्त' हा शब्द मी तोवर
इतक्या लोकांसोबत कधी वाचला नव्हता.
मागून कुणीतरी म्हणालं,
"पैसा कथा ग्यात रे भो?"
आणि सगळी तोंडं माझ्याकडे.

कथा ग्यात?
मलाही ते तुकड्यातुकड्यानं कळलं.
जळगावकडच्या एका प्लॉटिंगमध्ये, जिचा सात-बारा
तीन ठिकाणी गहाण निघाला.
पुण्याच्या कुठल्या कंपनीच्या रोख्यांत,
जे गुरुवारपर्यंत सोन्यासारखे होते
आणि शुक्रवारी रद्दीवालाही तोलेना.
सुपडूच्या पाठीवरची पोती
वीस-वीस रुपये होऊन एवढी लांब गेली,
तो स्वतः कधी चाळीसगावच्या पुढे गेलेला नाही.

हिलाल गुरुजींनी मात्र हिशेब करून ठेवले होते.
गणिताचे शिक्षक. बारा टक्के,
सहा वर्षांत जवळजवळ दुप्पट,
फळ्यावर तीस वर्षं शिकवलेलं चक्रवाढ व्याज.
"सूत्र बरोबरच होतं," ते अजून म्हणतात,
"मुद्दल तेवढं गृहीत धरलं."

रतिलालशेठच्या दालमिलनं कुणाचं बुडवलं नव्हतं.
पण बँकांनीही हात आखडले,
सगळ्यांकडे एकाच नजरेनं बघू लागल्या.
तूर यार्डात पडून, उचलायला पैसे नाहीत.
चाळणीवरच्या बाया घरी.
बाया घरी म्हणून इंदूबाईच्या बांगड्या पेटीत,
आणि पेटी बंद म्हणून
टपरीवर नवी पाटी: 'उधारी बंद'.
पाटी आधीही होती, पण ती मस्करीची होती.
आता खाली खडूनं लिहिलंय: 'सर्वांना'.

पत म्हणजे काय, मला कुणी कधी विचारलं नाही.
संस्थेच्या नावातच होती, निळ्या अक्षरात.
आता वाटतं, पत म्हणजे
शेववाल्यानं वर न बघता पुडी बांधणं.
तो आता वर बघतो.

लोक पावत्या घेऊन माझ्या ओट्यावर येतात.
त्या कागदावरची शाई दोन उन्हाळे टिकत नाही,
आणि उन्हाळे तर इथले.
पिशवीतून निघतात कोऱ्या, दुमडलेल्या, रबर लावलेल्या.
"वाच ना भाऊ," इंदूबाई म्हणते, "तूच दिन्ही."
मी उजेडाकडे धरतो.
कधी एखादा शून्य दिसतो,
कधी पलीकडचा माझाच अंगठा.
मग शंभरपानी वहीत आठवून लिहितो:
पोळ्याच्या आदल्या दिवशी खाडा,
आखाजीला दुप्पट दिले होते,
पोराला डेंग्यू झाला तेव्हा नऊ दिवस काही नाही.
साहेब म्हणतात, या वहीला किंमत नाही.
बायको विचारते, तुझं कमिशन परत मागतील का रे लोक?
किती होतं ते मी काढलंय.
तिला सांगितलेलं नाही.

काल दरवाजापाशी सुपडू दिसला. चारच वाजले होते.
मला पाहताच त्याचा हात खिशात गेला,
वीसची नोट अर्धी बाहेर आली,
माझाही हात छातीकडे, जिथं मशीन नाही.
मधून एक रिकामी लॉरी गेली.
नोट आधी त्यानं आत ढकलली
की माझ्या नजरेनं, सांगता येत नाही.
"चाल," तो म्हणाला, "चहा पिऊत.
रोख शे."